चंद्रप्पाचा होकार

"माणूस दणकट हाय, ते दिसायलंय मला," मलप्पाशेट म्हणाले. "पण बाई, ह्याला बोलता येतं का? एखादा शबूद तरी?"

वहिदाबाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. सकाळपासून आडतबाजारातली दुकानं पालथी घालून त्यांच्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता. "तुम्हीच विचारून बघा की," त्या म्हणाल्या.

शेटजींनी गादीवरून मान पुढं काढली आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून विचारलं, "काय रे, काम करशील का?"

चंद्रप्पानं आधी स्वतःच्या पायांकडं बघितलं. मग बाईंकडं बघितलं. बाईंनी मान हलवली.

"हाव," तो म्हणाला.

तेवढा एक शब्द त्याच्या तोंडातून काढायला बाईंना अख्खा हिवाळा लागला होता. म्हणून तो ऐकल्यावर त्यांना तिथंच, त्या तुरीच्या धुळीत, मटकन खाली बसावंसं वाटलं.

वहिदाबाई मूळच्या लातूरच्याच. नवरा गेल्यावर मुलींना शिवण शिकवून पोट भरायच्या. पोटची एक पोर होती, तीही चंद्रप्पासारखीच भोळी. ती फार जगली नाही. पण तिला बटण लावायला शिकवता शिकवता बाईंना जो नाद लागला तो काही सुटला नाही. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, पाट्या रंगल्या, जीपगाड्या धूळ उडवायला लागल्या. तेव्हा बाईंनी एका साहेबाच्या हात धुऊन मागं लागून पत्र्याची एक शेड मिळवली. कागदोपत्री तिथं 'मतिमंद प्रौढांचा वर्ग' भरायचा. गावात तिला येड्यांची शाळा म्हणायचे.

वर्गात कागदी पुड्या करायचं काम चाले. पण पुड्या करून कुणाचं पोट भरलंय? बाईंचं म्हणणं एकच होतं. ह्यांना बाजारात, चार माणसांत काम मिळालं पाहिजे. मी शेजारी बसते, हात धरून शिकवते, जमायला लागलं की हळूच उठते. ऐकणारे हसायचे. जिल्हा आला आन् पाणी गेलं, असं त्या काळी लातुरात म्हणत. धडधाकट गडी दुष्काळी कामावर खडी फोडायला रांगा लावून उभे, तिथं बाईंच्या माणसांना कोण विचारतो? एक व्यापारी तर तोंडावर म्हणाला, "बाई, हे पालथ्या घड्यावर पाणी हाय." बाई म्हणाल्या, "सध्या सुलट्या घड्यावर तरी कुठं पडायलंय?" तो हसला, चहा पाजला, आणि काम काही दिलं नाही.

चंद्रप्पाची आई गंगम्मा. उदगीरच्या पलीकडं, जिथं घराघरांतून कानडी बोलतात, तिथलं तिचं गाव. विहिरीनं तळ दाखवल्यावर ती लेकाला घेऊन लातूरला आली आणि एका खानावळीत भांडी घासायला लागली. दम्यानं तिची छाती भात्यासारखी वाजायची. भेटली की तिचं एकच पालुपद. "बाई, मी आज हाय, उद्या न्हाई. माझ्यामागं ह्याला कुणाच्या दारात टाकू?"

तिशी ओलांडलेला, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा हा गडी. त्याच्याजवळ शब्द म्हणाल तर मोजके, तेही कानडी. आईला अव्वा, पाण्याला नीरु, आणि ताटातलं संपलं की रिकामं ताट दाखवून 'इल्ला', म्हणजे नाही. त्याला आधी एका हॉटेलात ठेवलं होतं, तिथून हाकललं. का, तर विचारलेल्याचं उत्तर देत नाही. माजलाय म्हणे. तेव्हा बाईंनी ठरवलं, ह्याला दुसरं काही येवो न येवो, हो म्हणता आलं पाहिजे. बाजारात जो हो म्हणतो त्याला लोक राबवून घेतात, पण ठेवून घेतात.

'हाव' हा तर बाईंच्या तोंडचाच शब्द. घरच्या दखनी उर्दूत हौ, बाजारात हाव. त्या गुळाचा खडा हातात धरायच्या आणि विचारायच्या, "गूळ पाहिजे? म्हण, हाव." चंद्रप्पा दचकायचा आणि पाय वर घ्यायचा. बाकाखाली वाकून बघायचा. बाई पुन्हा म्हणायच्या, "हाव." तो पुन्हा पाय वर. बाईंना वाटायचं, या अल्ला, ह्याच्या डोक्यात शिरणार तरी कधी. जेव्हा शिरलं आणि तो पहिल्यांदा "हाव" म्हणाला, तेव्हा गंगम्मा दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली, खोकला येईपर्यंत हसली. बाईंनी विचारलं, "काय झालं गं?" ती डोळे पुसत म्हणाली, "काय न्हाई बाई. शिकला की लेकरू." बाईंना वाटलं, आनंदानं हसली.

मलप्पाशेटांच्या दुकानात मात्र बाई एक शब्द मुद्दाम शिकून गेल्या होत्या. शेट लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. बाई म्हणाल्या, "शेटजी, तुमच्यात कायक म्हणतात ना? काम हीच पूजा. मग ह्यानं पूजा करायची नाही का?" शेट चमकले. मग हसून म्हणाले, "मुसलमानाची बाई मला माझा धरम शिकवायलीय. ठेवा त्याला. बारदान्यावर बसवा."

बारदाना म्हणजे रिकामी पोती. त्या वर्षी भरलेली कमी आणि रिकामीच जास्त. पोतं उचलायचं, झटकायचं, उलटं करून पुन्हा झटकायचं, तीन घड्या घालायच्या, गुडघ्यानं दाबून थप्पीवर टाकायचं. बाई पत्र्याच्या डब्यावर बसून त्याच्याबरोबर स्वतः पोती झटकायच्या. घरी गेल्यावर नाकातून काळी धूळ निघायची. पुढं त्या डबा घेऊन दाराशी बसायला लागल्या, मग रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर. चंद्रप्पा अधूनमधून मान वर करून त्या दिसतात का बघायचा आणि दिसल्या की पुन्हा झटकायला लागायचा.

गोदामात मारोती नावाचा हमाल होता. आधी त्यानंच सगळ्यांत जास्त टिंगल केली. "चंद्र्या, तू राजा हायस का?" "हाव." "तू गाढव हायस का?" "हाव." सगळे खो खो हसायचे. पण दुपारी हाच मारोती आपली भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवायचा. भाकरी संपली की चंद्रप्पा हात पालथे करून म्हणायचा, "इल्ला." मारोतीही फडकं झटकून म्हणायचा, "इल्ला बाबा, इल्ला. उद्या." बायको गुणाबाई त्याला एक भाकरी जास्तीची बांधून द्यायला लागली होती.

हे पाहिलं आणि बाई टपरीवरूनही उठल्या. जमलं होतं. त्याच्याकडं बोट दाखवून त्यांनी नागम्मा नावाच्या पोरीला पापडाच्या कारखान्यात चिकटवलं, आणखी एकाला गिरणीत. वर्गातली माणसं सकाळी डबे घेऊन कामाला निघाली. बाईंना तेव्हा रात्री शांत झोप लागायची.

उन्हाळा चढला. गोदामाच्या दाराजवळच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा रांजण होता, त्याच्याभोवतीची जमीन तेवढी ओलसर राहायची. सगळा मुलूख तापलेला असताना गारव्याला काय काय येतं, ते ह्या भागातल्या माणसाला सांगायला नको. तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

बातमी आणली ती दुसऱ्या एका हमालानं. तो शेडच्या दारात धापा टाकत उभा राहिला. "तुमच्या येड्यानं मारोतीला खाल्लं, बाई. रांजणामागं पोत्याची थप्पी होती. मारोती हात घालायला गेला. चंद्र्या तिथंच हुभा. मारोतीनं इचारलं, घालू का हात, सारं ठीक हाय का? ह्यो म्हणला, हाव, हाव. दोनदा म्हणला. घातला हात आन् घोणस चावली. येडा बघत हुता, बाई. त्याला दिसत हुती."

बाई धावल्या तेव्हा मारोतीला दवाखान्यात नेलेलं होतं. चंद्रप्पा गोदामाबाहेर उन्हात उभा होता. कुणीतरी त्याला मारलं होतं, ओठ फुटला होता. बाईंनी त्याचे दोन्ही दंड धरले. "तू हाव का म्हणालास? साप दिसत होता ना तुला? मग हाव का म्हणालास?"

"हाव," तो रडत म्हणाला.

बाईंचा हात उठला. आयुष्यात त्यांनी कुठल्या मुलावर हात उचलला नव्हता. तो त्याच्या गालावर बसला आणि चंद्रप्पा पुन्हा म्हणाला, "हाव."

मारोतीचा जीव वाचला. उजव्या हाताची बोटं काळी पडली होती, ती काढावी लागली. शेटजींनी निरोप धाडला, चंद्रप्पाला आता पाठवू नका. दोन दिवसांत नागम्मा परत आली. पापडवाल्याचं म्हणणं, तिथं उकळतं पाणी असतं, नसती जोखीम नको. मग गिरणीवालाही तेच म्हणाला. एवढ्या खटपटीनं उभं केलेलं सगळं एका शब्दानं खाली बसलं. शेडमध्ये पुन्हा सगळे पुड्या करायला लागले आणि बाईंना त्यांच्याकडं बघवेना.

गंगम्माला सांगायला जायला पाय उचलेना, पण जावं तर लागणारच. ती खानावळीच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. आडवं पडलं की तिला श्वास लागायचा. काम सुटल्याचं तिला कळलं होतं, का ते धड कळलं नव्हतं. चंद्रप्पा काय सांगणार? बाईंनी सगळं सांगितलं. "मारोतीनं विचारलं, हात घालू का. आणि हा म्हणाला, हाव, हाव."

गंगम्मानं कोपऱ्यातल्या लेकाकडं बघितलं. तिची छाती वाजत होती.

"बाई," ती म्हणाली, "आमच्यात हावु म्हंजी साप."

"काय?"

"साप. हावु. 'हो'ला आमच्यात हौदु म्हणत्यात. त्यानं होकार न्हाई दिला, बाई. साप हाय म्हणून वरडला त्यो."

बाईंना तो वर्ग आठवला. तो बाकाखाली वाकून बघायचा. तो पाय वर घ्यायचा. गुळाचा खडा दाखवून आपण ह्या माणसाला अख्खा हिवाळा साप, साप म्हणायला शिकवत होतो. आणि ज्या दिवशी खरोखरचा साप आला, त्या दिवशी त्यानं त्याच्या आईचा शब्द वापरला, तर सगळ्या बाजारानं तो आपला समजला.

"तू तेव्हा हसली होतीस," बाई कशाबशा म्हणाल्या. "का नाही बोललीस गं?"

"तुमी केवढ्या हौसेनं शिकवायलेलाव. मला वाटलं, ह्या शहरात साप कुठून येतोय." गंगम्मानं पदरात तोंड घातलं. "माझंच चुकलं, बाई."

कुणाचं चुकलं हे ठरवत बसायला दोघींकडंही त्राण नव्हतं. कोपऱ्यात चंद्रप्पा फुटक्या ओठानं भाकरी चावत होता. बाई त्याच्यापाशी गेल्या आणि ज्या गालावर मारलं होतं त्याच्यावरून हात फिरवला. तो दचकून मागं सरला. बाईंना रडू आवरेना.

दवाखान्यात गुणाबाईनं त्यांना दारातच अडवलं. "आता काय बघायला आलाव? गड्याचा हात गेला माझ्या." पण मारोतीनं हाक मारली, येऊ दे म्हणाला. बाईंनी सांगितलं ते तो डोळे मिटून ऐकत होता.

"त्यानं माझा सदरा धरला हुता, बाई," तो हळू म्हणाला. "मागं वढत हुता. म्या म्हणलं, खेळायलाय. झटकला म्या त्याला." मग पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेल्या हाताकडं बघत म्हणाला, "म्हंजी समद्यात हुशार त्योच निघाला म्हणा की." आणि हसायला गेला, पण हसू काही आलं नाही.

तिथून बाई तडक आडतीवर गेल्या. जाताना वाटेत त्यांनी भांडणाची पुरी तयारी केली. शेट येडा म्हणाले तर काय म्हणायचं, जोखीम म्हणाले तर काय म्हणायचं. शेटजींनी सगळं ऐकून घेतलं. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं, ते त्यांनी बोटानं पुसलं.

"हावु," ते म्हणाले. "माझी आजी म्हणायची. लहानपणी अंधारात निघालो की म्हणायची, हावु हाय, जाऊ नको. त्या दिवशी मी इथंच बसलेलो होतो, बाई. माझ्या कानानं ऐकलं मी. मलाबी होकारच वाटला. घरची भाषा बाजारात कानात शिरत न्हाई."

"मग त्याला परत घ्या. त्याचा काही दोष नाही."

"दोष न्हाई, मान्य हाय." शेटजींनी गोदामाकडं बघितलं. "पण उद्या त्यो हाव म्हणला तर कुठला हाव समजायचा? हमालांना काय सांगू? बरं, त्यांनाबी समजावीन. पण मारोतीला मी टाकणार न्हाई. पोतं उचलणं त्याच्यानं व्हायचं न्हाई. बसून करायचं काम माझ्याकडं एकच हाय."

"बारदाना," बाई म्हणाल्या.

"हाव, बाई. बारदाना."

आता भांडायचं कुणाशी? शेट वाईट असते तर बाईंनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. ज्याचा हात गेला त्याचं काम काढून घ्या, असं म्हणायला जीभ कशी उचलणार? आणि न म्हणावं, तर गंगम्माच्या छातीचा भाता असा किती दिवस चालणार होता? बाई उठल्या आणि पायऱ्या उतरल्या.

गंगम्मालाही त्यांनी जसं होतं तसं सांगितलं. तिनं मान डोलावली. "खरं हाय. त्याचा हात गेलाय." मग नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि विचारलाच नाही. तो विचारला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

मारोती कामावर आला त्या सकाळी चंद्रप्पा शेडमध्ये आला नाही. गंगम्माला विचारावं तर ती म्हणे, केव्हाच गेला. शोधत शोधत त्या आडतबाजारात पोचल्या आणि टपरीच्या बाकावर टेकल्या.

गोदामाच्या दारात मारोती बसला होता. डाव्या हातानं त्यानं पोतं धरलं, एक टोक दातात धरलं, झटकलं. धूळ त्याच्याच तोंडावर उडाली. घडी घालायला गेला तर पोतं घसरून पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. पलीकडं भिंतीला लागून चंद्रप्पा उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. रोज यायचं एवढंच त्याला ठाऊक. तो पुढं आला, मारोतीसमोर खाली बसला आणि पोत्याचं दुसरं टोक हातात घेतलं.

मारोतीनं त्याच्याकडं बघितलं. मग गादीकडं बघितलं. मलप्पाशेट तागडीत वजन टाकत होते, त्यांनी मान वर केली नाही. मजुरी एकाचीच होती आणि ती मारोतीची होती. हे चंद्रप्पा सोडून तिथं सगळ्यांना कळत होतं. दोघांनी पोतं झटकलं, उलटं केलं, पुन्हा झटकलं. तीन घड्या. गुडघ्यानं दाबायचं काम चंद्रप्पानं केलं, बाईंनी शिकवलं होतं तस्संच.

बाईंना वाटलं, उठावं, जाऊन म्हणावं, अर्धी तरी ह्याला द्या. त्या उठल्याही. मारोतीच्या शेजारी ठेवलेलं भाकरीचं गाठोडं त्यांना दिसलं. गुणाबाईनं ते बांधलेलं होतं, नेहमीएवढंच मोठं. बाई पुन्हा बाकावर टेकल्या.

समोरची पोती संपली. मारोती सरकत सरकत रांजणामागच्या थप्पीपाशी गेला. डावा हात पुढं केला आणि तो हात तसाच हवेत थांबला. बाजारात तागड्यांचा आवाज होता, पण त्याचं बोलणं बाईंना टपरीपर्यंत ऐकू आलं.

"चंद्रप्पा. हावु हाय का?"

त्यानं चंद्र्या म्हटलं नव्हतं.

चंद्रप्पा उठला. थप्पीशी वाकला. गाल जमिनीला टेकवून एकेका पोत्याखाली, रांजणाच्या मागं, भिंतीच्या कडेला त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वर येऊन दोन्ही हात पालथे केले.

"इल्ला," तो म्हणाला.

मारोतीनं उरलेला हात आत घातला.